बुशी पार्कची पार्करन : धावायला गेले आणि टोकनं लावायला बसले

दर शनिवारी सकाळी ९ वाजता पार्कात सगळ्यांनी मिळून ५ किलोमीटर धावायचं किंवा चालायचं, फी काही नाही. लंडनच्या बुशी पार्कमधल्या पार्करनची एवढी माहिती कुठेही मिळेल. मला लिहायचंय ते धावणं संपल्यावर तिथे जे चालतं त्याबद्दल. या शहरात आज मी ज्यांना आपली माणसं म्हणते, ती तिघंही मला तिथेच भेटली.

मी मूळची साताऱ्याची, वय ३९, नर्स. २०२२ च्या शेवटी इथे नोकरीला आले. पश्चिम लंडनच्या हाउन्स्लोमध्ये एका घरातली एक खोली घेऊन राहते. वॉर्डात बऱ्याच जणी केरळच्या. फार प्रेमळ, पहिल्या थंडीत माझ्यासाठी डब्यातून मीन करी, म्हणजे माशांचं कालवण, आणायच्या. पण ड्युटी संपली की त्यांची घरं, त्यांची मुलं, त्यांचं चर्च. साडेबारा तासांचा लाँग डे करून मी खोलीवर यायचे आणि ताई फोनवर विचारायची, “आज कुणाशी बोललीस गं?” मी पेशंटांची नावं सांगायचे. ती गप्प व्हायची.

मैत्रीसाठी म्हणून असलेल्या एका ॲपचे तीन महिन्यांचे पैसे भरून पाहिले. पाच जणींना भेटले. पाचही जणी चांगल्या होत्या, पण दुसऱ्यांदा एकीशीही भेट झाली नाही. महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेले. १९३२ सालापासूनची संस्था, आरतीला उभी राहिले आणि डोळे भरून आले. पण माझी खोली एका टोकाला, मंडळ दुसऱ्या, आणि ड्युट्या अशा की पुन्हा जायला संक्रांत उजाडली. तोवर ओळखी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा कळलं की माणसं मिळत नाहीत असं नाहीये. तीच माणसं पुन्हा पुन्हा मिळायला हवीत, आणि तीही ठरवाठरवी न करता.

साताऱ्यात हे आपोआप व्हायचं. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणारी मंडळी ठरलेली. नाव माहीत नसलं तरी एखादा दोन दिवस दिसला नाही तर चौकशी व्हायची. तसं काही शोधताना पार्करन सापडली. वेबसाइटवर एकदाच नाव नोंदवायचं, बारकोड मिळतो, तोच कायमचा आणि जगभर चालतो. धावणं संपल्यावर हातात एक नंबराचं प्लास्टिकचं टोकन देतात. तुमचा बारकोड आणि ते टोकन स्कॅन झालं की थोड्या वेळात वेळेची ईमेल. चाललात तरी चालतं. सगळ्यांच्या मागे चालण्यासाठी एक स्वयंसेवक मुद्दाम नेमलेला असतो, त्यामुळे शेवटचा नंबर कुणाचाच येत नाही. हे मला फार आवडलं. जाड, म्हातारं, आजारातून उठलेलं, कुणीही इथे अवघडून उभं राहत नाही.

तरीही पहिले चार शनिवार मी हजारभर माणसांत एकटीच होते. बुशी पार्कची गर्दी खरंच तेवढी असते. गवतावर दव, लांब हरणं चरताहेत, चेस्टनटच्या झाडांची सरळसोट रांग, आणि मी. “गुड मॉर्निंग” म्हणायचे, चालायचे, १११ नंबरची बस पकडून घरी यायचे. धावणाऱ्याला श्वास पुरत नसतो, तो बोलणार कधी?

पाचव्या शनिवारी पाय मुरगळला होता म्हणून स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. मागाहून समजलं, या सगळ्याची सुरुवातच अशी झालीय. पॉल सिंटन-ह्यूइट यांना दुखापतीमुळे धावता येत नव्हतं, पण धावणारे मित्र सुटू नयेत असं वाटत होतं. म्हणून २ ऑक्टोबर २००४ रोजी याच पार्कात त्यांनी मित्रांना बोलावलं. १३ जण धावले, आणि ते स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले. तेव्हा टोकनं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले होते.

मला मिळालेलं काम होतं टोकनं लावायचं. लोक घरी गेले की स्कॅन झालेली सगळी टोकनं एका ढिगात येतात. ती पुढच्या आठवड्यासाठी १ पासून क्रमाने लावून ओवायची. पार्कातल्या कॅफेत एक टेबल, मधोमध ढीग, भोवती आम्ही चार-पाच जण. आधी शेकड्यांचे गट पाडायचे, मग दहाचे, मग एकेक. त्या टेबलाशी बसले आणि मला थेट आजीची ओसरी आठवली. मार्च-एप्रिलात वर्षाचे गहू निवडायला बायका बसायच्या. हात चाळणीत, डोळे खड्यांवर, आणि तोंडाने गावातली सगळी सुखदुःखं. एकमेकींकडे बघायची सक्ती नसल्यामुळे अवघड गोष्टही सहज बोलून व्हायची. इथेही तसंच झालं. “तीनशे चाळीस कुणाकडे आहे?” असं विचारता विचारता नैरोबीत वाढलेल्या एका गुजराती बाईंनी सांगितलं की त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मी मान वर न करता म्हटलं, माझी आई गेली तेव्हा मी नाइटला होते. कुणी “सॉरी” म्हणालं नाही. त्यांनी माझ्यासमोरचे ऐंशीचे टोकन स्वतःकडे ओढून घेतले आणि काम चालू राहिलं. त्या दिवसापासून मी त्यांना मासी म्हणते.

दुसरे एक निवृत्त पोस्टमन. आमच्या भागातली प्रत्येक गल्ली त्यांना पाठ आहे. तिसरी माझ्याच वयाची पोलिश मुलगी, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिला मी पोहे शिकवले, तिने मला बिटाचं सूप.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास वाचनात आला. जुजबी मैत्रीला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खऱ्या मैत्रीला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. मी लगेच रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, काढून हिशेब केला. महिन्यात तीन शनिवार, दर वेळी अडीच तास, चौदा महिने. १०५ तास. ॲपवरच्या त्या पाच जणींबरोबर प्रत्येकी एक तास झाला होता. दोष त्यांचाही नव्हता आणि माझाही नव्हता.

नव्याने जाणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते. एक, फक्त धावायला गेलात तर तब्येत सुधारेल, माणसं मिळायला वेळ लागेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच स्वयंसेवक म्हणून नाव द्या आणि तेच काम पुन्हा पुन्हा मागा. इंग्रजी बोलायचा संकोच असेल तर टोकनांपासूनच सुरुवात करा, आकडे सगळ्यांनाच येतात. दोन, गर्दीची धास्ती वाटत असेल तर क्रेन पार्क किंवा बेडफॉन्ट लेक्सची पार्करन बघा, तिथे माणसं कमी. लहान मुलं असतील तर रविवारी ४ ते १४ वयाच्या मुलांसाठी २ किलोमीटरची ज्युनिअर पार्करन वेगळी असते. शनिवारी काम असणाऱ्यांची अडचण मला कळते. मी रोटा करणाऱ्या सिस्टरला सरळ सांगितलं की महिन्यातले तीन शनिवार मला द्या, बदल्यात रविवार मी घेते. पाचपैकी पाच तारे देते. नर्सला शनिवार सोपा नसतो, तरी देते.

गेल्या फेब्रुवारीत बाबांना अचानक दवाखान्यात ठेवलं. रात्री साडेअकराला ताईचा फोन, आणि मिळालेलं विमान पहाटेचं. मी आमच्या चौघांच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली. पोस्टमनकाका साडेतीनला दारात गाडी घेऊन उभे होते. मासींनी खोलीची किल्ली ठेवून घेतली, डब्यात थेपले भरून दिले आणि विमानतळावर माझ्या हातात नोटांचं पाकीट कोंबलं. पैसे आहेत म्हटलं तर रागावल्या. बाबा सुखरूप घरी आले, आणि तीन आठवड्यांनी मी परतले.

त्या शनिवारी साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन टोकनांच्या टेबलावर गेले. पोलिश मैत्रिणीने लागोपाठ तीन खाल्ले. टोकनं चिकट होतील म्हणून मासींनी सगळ्यांना आधी हात पुसायला लावले, आणि मग शंभराचा गट माझ्यापुढे सरकवला.