दहावीनंतर अकरावी सायन्स की डिप्लोमा? बडोद्यातल्या पालकांसाठी

मुलाला किंवा मुलीला इंजिनिअरच व्हायचं असेल, तर दोन्ही वाटांना वर्षं सारखीच लागतात. अकरावी-बारावीची दोन आणि बी.ई.ची चार, नाहीतर डिप्लोमाची तीन आणि डी टू डीने, म्हणजे डिप्लोमावरून डिग्रीच्या प्रवेशाने, थेट दुसऱ्या वर्षात बसून पुढची तीन. त्यामुळे 'डिप्लोमा केला की एक वर्ष जातं' हे नातेवाइकांचं म्हणणं मनावर घेऊ नका. मी स्वतः डिप्लोमाच्या वाटेने गेलो आहे, ते लक्षात ठेवून पुढचं वाचा.

डॉक्टरी, फार्मसी, आयआयटी किंवा एनडीए यांपैकी काही डोक्यात असेल तर अकरावी सायन्सच घ्यायला हवं, तिथली नेहमीची वाट बारावीतूनच जाते. गणिताची गोडी आहे आणि ट्यूशनचा खर्च घराला झेपतो, अशा मुलालाही ती वाट चांगलीच.

माझा कौल डिप्लोमाकडे ठरला तो एका गोष्टीमुळे. सायन्सची दोन्ही वर्षं एकाच निकालावर टांगलेली असतात. बोर्डाचे गुण आणि गुजकेट ही राज्याची प्रवेश परीक्षा मिळून मेरिट लागतं. फिजिक्समध्ये अडकलं तर पूरक परीक्षा आहे, पण तोवर प्रवेशाच्या फेऱ्या पुढे सरकलेल्या असतात आणि वाट्याला उरलेल्या जागा येतात. ऐन मार्चमध्ये घरात आजारपण निघालं तरी तेच. गुण कमी पडले तर हातात नुसती बारावीची मार्कशीट, आणि ट्यूशनची फी तर केव्हाच भरून झालेली. वडील मकरपुरा जीआयडीसीत पाळ्या करतात, आई शिवणकाम करते, अशा घराला पुन्हा एक वर्ष थांबणं परवडत नाही. डिप्लोमात एखादा विषय राहिला तर बॅकलॉग म्हणून सोबत येतो, सहसा वर्ष थांबत नाही. आणि तीन वर्षांनी पदवीचं जमलं नाही तरी रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला बसता येतं, कंपनीत अप्रेंटिस लागता येतं.

भाषेचाही फरक पडतो. घरात मराठी, शाळेत गुजराती अशी आपली बरीच मुलं. जीटीयूच्या (गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) डिप्लोमाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर गुजरातीतही छापलेल्या असतात. इंग्रजीवर हात बसायला तीन वर्षं मिळतात, हे मला फार मोलाचं वाटतं. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन उभं केलं ते हुन्नर शिकवायला. त्या शहरात डिप्लोमाला दुय्यम मानू नये.

आता डिप्लोमाची दुखरी बाजू, ती म्हणजे गणित. डिप्लोमात डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन सूत्रं लावण्यापुरतं येतं. डी टू डीचा मुलगा थेट तिसऱ्या सेमिस्टरला बसतो, तेव्हा बाकीच्या वर्गाचं पार्शियल डेरिव्हेटिव्ह, डबल इंटिग्रल, मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू हे सगळं पहिल्या वर्षात झालेलं असतं. त्यात डी टू डीच्या फेऱ्या लांबतात आणि तो वर्गात पोचेपर्यंत काही आठवडे शिकवून झालेले असतात. म्हणून सहाव्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत या तीन गोष्टी आणि फर्स्ट ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स रोज सोडवा. नुसतं वाचून भागत नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या गणित-विज्ञानाच्या वह्या रद्दीत देऊ नका. २०२४पासून डी टू डीसाठी डीडीसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिथे तेच विषय परत येतात. चुकीच्या उत्तराला गुणही कापतात.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून विद्यापीठात जाणाऱ्यांची मुख्य तक्रार क्रेडिट, म्हणजे आधी शिकून झालेल्या विषयांची जमा, बुडण्याची असते. एका कॉलेजातून दुसरीकडे जाताना सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाले, असा अंदाज तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७च्या अहवालात दिला होता. आपल्याकडे डी टू डीत वर्ष पक्कं धरलं जातं. अडचण जागांची: मंजूर जागांच्या दहा टक्के, आणि पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या. कॉम्प्युटरला त्यामुळे चुरस असते. सिव्हिल, मेकॅनिकलला त्या मानाने सोपं जातं.

पैशांची फारच ओढाताण असेल तर तरसाली किंवा गोरव्याची आयटीआय, मग सी टू डीने, म्हणजे आयटीआयच्या सर्टिफिकेटवरून, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश. दोन अधिक दोन अधिक तीन, म्हणजे पदवीपर्यंत सात वर्षं. पण ट्रेड दोन वर्षांचाच घ्या: फिटर, इलेक्ट्रिशियन, केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर. वेल्डर किंवा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एक वर्षाचा असतो, त्यावर सी टू डी मिळत नाही. फॉर्म भरताना हे सहसा कुणी बोलत नाही.

कागदांचं एक सांगायला हवं. महाराष्ट्रातून काढलेल्या जातीच्या दाखल्यावर गुजरातच्या प्रवेशात राखीव जागा मिळत नाही. इथला दाखला असेल आणि एसईबीसीत (गुजरातचा ओबीसी वर्ग) येत असाल, तर नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र कधी काढलेलं चालेल ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातल्या तारखांशी ताडून पाहा. दहावीच्या निकालानंतर मामलेदार कचेरीत रांगा लागतात, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच टाकून ठेवा.