.32 रिव्हॉल्व्हर: कोकणातला एक पावसाळा आणि एक हंगाम वापरल्यानंतर

मासळीच्या धंद्यात रोकड घेऊन मालवणहून रात्री-अपरात्री घरी यावं लागतं, म्हणून स्वसंरक्षणाचा परवाना काढला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याचं सहा गोळ्यांचं .32 (गोळीचा अंदाजे व्यास, इंचात) रिव्हॉल्व्हर घेतलं. पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहितोय.

यंत्र सोपं आहे, आणि त्यामुळेच माणूस गाफील होतो. पिस्तुलाला असतो तसा सेफ्टीचा खटका बहुतेक रिव्हॉल्व्हरना नसतो. नुसता चाप दाबला की सिलिंडर (काडतुसं बसतात तो गोल भाग) फिरतं, घोडा (काडतूस पेटवणारा मागचा हातोडा) मागे जाऊन आपटतो आणि गोळी सुटते. असा चाप जड लागतो. घोडा आधीच मागे ओढला तर मात्र तो अगदी हलका होतो, म्हणून नवख्याने घोडा चढवून फिरायचं नाव काढू नये. रेंजवर शिकवणारे निवृत्त सुभेदार प्रत्येकावर ओरडायचे, "बोट आदी भायर! मगे काय ता कर." बोट चापाच्या कडीबाहेर, फ्रेमवर सरळ टेकवलेलं हवं.

हातात घेतलं की नळी सुरक्षित दिशेला धरून सिलिंडर उघडा. नळी वर करून एजेक्टर रॉड (काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा) तळहाताने पूर्ण दाबा, अर्धवट दाबला तर एखादी पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) अडकून राहते. मग सहाही भोकं डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. देणारा "रिकामं आहे" म्हणाला तरीही. बंद करताना सिनेमातला मनगटाचा झटका नको, त्याने सिलिंडरचा आधार वाकतो.

सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून प्रत्येक बाराला तापलेला वायू बाजूला फुटतो. दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा बोटं तिथे आली तर भाजतात, कापतातही. दोन्ही हात मुठीवरच ठेवा.

चाप दाबूनही बार झाला नाही तर लगेच पुन्हा दाबू नका. काडतूस उशिरा पेटू शकतं, आणि तोवर सिलिंडर फिरलं असेल तर ते नळीसमोर नसतं. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर थांबायचंच: गोळी नळीत अडकलेली असू शकते.

आता आपल्या हवेबद्दल. खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची ओल लोखंड खाते. तांबूस भुकटी आधी दिसते ती सिलिंडरच्या खोबणीत आणि घोड्याच्या मागे, जिथे फडकं पोचत नाही. तिथे जुना दातांचा ब्रश आणि तेलाचा थेंब. चामड्याच्या होल्स्टरमध्ये कधीच साठवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. मी ते कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कुलपात ठेवतो. काडतुसं दुसऱ्या कपाटात, किल्लीही वेगळी. घरात पोरं असतील तर यात कसूरच नको.

बागेत माकडं, रानडुकरं येतात म्हणून घ्यावं का, असं बरेच विचारतात. नाही. त्यासाठी हा परवाना नाही. शिमग्यात "एक बार काढ" म्हणणारेही भेटतात. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर बेपर्वाईने असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मी सरळ नकार देतो.

निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगितलं तर तेल लावूनच द्या, आणि पावती परवान्यासोबत जपून ठेवा.