फिटनेस बँड घेतला पण डवरणी त्याच्या हिशोबातच नाही – ८ महिन्यांचा अनुभव

मागच्या जूनमधी पेरणीच्या तोंडावर रिपोर्ट काढला तं शुगर काठावर निघाली. डॉक्टर म्हणे रोज चालत जा. म्हणलं डॉक्टरसाहेब मी कास्तकार माणूस, दिवसभर दुसरं करतो काय? ते म्हणे किती चालता ते मोजता का कधी? आता याच्यावर काय बोलावं. घरी आलो आन् ऑनलाइन बँड मागवला, २,३०० रुपयांचा. कंपनीचं नाव घेत नाही.

पहिले आठ दिवस लय मजा. सकाळी नदीकडं जाऊन आलो की २,००० पावलं, दर दोन मिनिटाला मनगट वळवून पाहाचं. बाबा म्हणे, "काऊन रे, हातात काही चावलं काय तुले?"

मंग जुलैत सोयाबीनची डवरणी लागली, म्हणजे बैलाच्या डवऱ्यानं पिकाच्या ओळींमधलं तण काढाचं. जुवाला दोन डवरे, एकावर मी एकावर गडी, सकाळी ७ ला धरले ते मधी जेवणापुरते सोडून सायंकाळपर्यंत, तीन एकर झाले. पाय असे झाले होते की घरी येऊन ओट्यावर बसलो तं उठवेना. म्हणलं आज बँड खुश होईल. पाहतो तं ४,२१२ पावलं! वरून मेसेज, थोडं उठून चाला म्हणे. डोकंच सरकलं.

रात्री वहीवर हिशोब केला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, आमच्या पिकाच्या दोन तासातलं, म्हणजे ओळीतलं, अंतर दीड फूट, म्हणजे एकराची सगळी तासं एकापुढं एक लावली तं २९,०४० फूट, जवळपास पावणेनऊ किलोमीटर. दोन डवरे होते म्हणून माणसी त्याच्या निम्मे. तीन एकराचे तेरा किलोमीटर झाले, धुऱ्यावर बैल वळवाचं चालणं त्याच्यात धरलंच नाही. ढेकळातलं पाऊल दोन फुटाचं धरलं तरी वीस हजाराच्या वर जाते. आन् हा म्हणते चार हजार.

कारण नंतर समजलं. बँडात हालचाल ओळखणारा सेन्सर असते, तो पाय पाहत नाही, हाताचा झोका पाहते. चालताना हात मागंपुढं हलला की त्या ठेक्यावरून पाऊल धरते. आपला हात दिवसभर रुमण्यावर, म्हणजे डवऱ्याच्या मुठीवर, दाबून, झोका येईल कुठून? उलट तालुक्याले मोटरसायकलनं जाऊन आलो तं खड्ड्यांमुळं सहाशे-सातशे पावलं फुकट. आमच्या रोडची कृपा.

उपाय निघाला पण. डवरणीच्या दिवशी बँड पायात, घोट्याच्या वर बांधाचा. पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसते. दुसऱ्या दिवशी तसं केलं तं १९,००० च्या वर गेला, म्हणजे वही खोटी नव्हती. आजीनं पाहिलं, म्हणे पोळा तं अजून दूर आहे, तुले आताच काऊन सजवलं. फक्त पायात असला की नाडीचे ठोके वाकडेतिकडे दाखवते, ते तेवढं सोडून द्याचं.

आन् ते १०,००० पावलांचं काही मनावर घेऊ नका. तो आकडा कोण्या डॉक्टरनं तपासून काढलेला नाही, १९६५ साली जपानात पावलं मोजाचं यंत्र विकाले काढलं होतं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर असं होतं, तिथून तो चिकटला तो चिकटलाच.

कापूस वेचणीत बायकोनं एक दिवस घालून पाहिला. दोन्ही हात सारखे बोंडावर, त्यामुळं जागेवर उभी असली तरी काही पावलं पडत होती बहुतेक. सायंकाळी ११,००० पावलं आन् ३८ किलो कापूस. तिच्यासोबतच्या बाया म्हणे किलोचा भाव मिळते, पावलाचा काय मिळते ते सांग. तिनं बँड मले परत देऊन टाकला.

झोपेचं तं बोलूच नका. हरभऱ्याले पाणी द्याले लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत स्प्रिंकलरचे पाइप बदलाचे, मधल्या वेळात डुकरं येऊ नये म्हणून माचावर बसून राहाचं. बसलो डोळे उघडे ठेवून, टॉर्च हातात. सकाळी अॅप म्हणते ३ तास १० मिनिट झोप, त्यातली ५० मिनिट गाढ. हात हलला नाही आन् ठोके कमी झाले की याच्या मतानं माणूस झोपला. डुकरालेही तसंच वाटत असन.

चांगलं काय ते पण सांगतो. थ्रेशर चालू असला की फोन वाजलेला ऐकू येत नाही, बँड मनगटावर थरथरते तं समजते. ऑक्टोबरात फोन कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात गेला, सायलेंटवर, दहा जण शोधत होते, बँडवरून फोन शोधाचं बटन दाबलं आन् ढीग वाजाले लागला. माझे तं पैसे तिथंच वसूल झाले. मराठी मेसेज मात्र नुसते चौकोन चौकोन दिसते, नाव इंग्रजीत सेव्ह असलं तं कोणाचा आहे तेवढं समजते. बॅटरी १४ दिवस लिहिली आहे, ठोके चोवीस तास चालू ठेवले तं पाचव्या दिवशी संपते.

फवारणीले जाताना मात्र काढून ठेवा. पाण्यात चालते लिहिलं आहे ते साध्या पाण्यासाठी, औषधासाठी नाही. औषध पट्ट्याखाली गेलं की दिवसभर कातडीले चिकटून राहते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते पाहिलेल्याले जास्त सांगाची गरज नाही. साध्या घामानंही माझ्या मनगटावर पुरळ आलं होतं, आता रात्री पट्टा धुऊन सुकवतो.

सध्या बँड खुंटीवर आहे. चार्जरची वायर उंदरानं कुरतडली आन् याचा चार्जर वेगळाच, चुंबकाचा, तालुक्यात तीन दुकानं फिरलो कुठंच नाही. ऑनलाइन टाकला आहे, २५० रुपये, गावात कुरिअर येत नाही म्हणून पत्ता मेव्हण्याचा दिला. बाबा रोज विचारते, "आला काय रे तुह्या घुंगराचा चारा?"