माप चोख, उरेब भलत्या बाजूला: तिरक्या मांडणीच्या गोधडीचा संच

ऑनलाइन मिळणाऱ्या या संचात सिंगल बेडच्या गोधडीचा वरचा थर जवळजवळ सगळा कापून येतो. साडेतीन इंची 180 चौकोन (100 गडद, 80 फिके), साडेनऊ इंची 12 साधे चौकोन, कडेच्या त्रिकोणांसाठी 9 इंच 7 सुतांचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) 7 चौकोन, कोपऱ्यांसाठी सव्वासात इंची 2 आणि काठाच्या 5 इंची 7 पट्ट्या. 44 इंच पन्ह्यावर हिशोब केला तर साधारण पावणेचार मीटर कापड होतं. किंमत महाग की स्वस्त ते या आकड्याशी ताडून बघा. अस्तर, मधला थर आणि गोट (शेवटी कड बंद करणारी पट्टी) आपला आपण आणायचा. अडीच इंची गोटाला सात पट्ट्या, म्हणजे अर्धा मीटर कापड पुरतं.

कापड चांगलं आहे. शुद्ध सुती, घट्ट विणीचं, इस्त्रीखाली आकसत नाही. लाल छापा मात्र रंग सोडतो. कापलेले तुकडे धुवायला घेतले तर कडा उसवतात, म्हणून धुऊ नका. एक तुकडा ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा आणि डाग पडला तर पूर्ण झालेल्या गोधडीची पहिली धुलाई थंड पाण्यात, वेगळी करा. तुकड्यांच्या कडा नागमोडी कापलेल्या आहेत. माप दातांच्या टोकापासून धरायचं, खाचेपासून नाही, हे संचासोबतच्या पत्रकात लिहिलेलं नाही. माया (टिपेबाहेर सोडायचं कापड) दोन सूत, म्हणजे पाव इंच. तीन चौकोन ओळीने जोडून मोजा: बरोबर साडेनऊ भरले पाहिजेत. टीप अर्धा सूत जरी आत गेली तरी दोन जोडांत मिळून पाव इंच कमी पडतो आणि मग शेजारचा साधा चौकोन मोठा वाटायला लागतो. दोष चौकोनाचा नसतो.

इथवर संचाला नावं ठेवायला जागा नाही. नऊ तुकड्यांचे 20 ब्लॉक पटापट होतात. माया गडद कापडाकडे दाबली की जोड एकमेकांत बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. ब्लॉक कोनावर उभे, आडवे 4 आणि उभे 5, मधल्या खाचांत 12 साधे चौकोन, असे एकूण 32. कडेला ज्या अर्ध्या खाचा उरतात त्यांना 14 त्रिकोण लागतात: वर-खाली तीन-तीन, बाजूंना चार-चार. चूक इथे आहे.

पत्रक सांगतं, 9 इंच 7 सुतांचे 7 चौकोन एकदाच तिरके कापा, 14 त्रिकोण तयार. होतातही. आखूड बाजू मायेसकट बरोबर बसते, लांब बाजू शिवल्यावर पावणेतेरा इंचांच्या आसपास येते, पाहिजे तेवढीच. म्हणूनच ही चूक टेपने सापडत नाही. चौकोन एकदा कापला की त्रिकोणाच्या दोन आखूड बाजू सरळ धाग्यावर राहतात आणि लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी होते. तिरक्या मांडणीत नेमकी ही लांब बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेला येते. ताणा-बाणा जिथे सरळ आहे तिथे कापड ओढलं तरी वाढत नाही. पंचेचाळीस अंशांत ओढलं की विणीतला प्रत्येक चौकोन पतंगासारखा लांबतो. एकेक त्रिकोण दोनच सूत वाढला तरी चार त्रिकोणांच्या बाजूला एक इंच जास्तीचा होतो. इस्त्री सरकवत फिरवली तर त्याहून जास्त.

योग्य पद्धत अशी: 14 इंची 4 चौकोन, प्रत्येक दोन्ही कर्णांवर कापून चार-चार त्रिकोण. आता सरळ धागा लांब बाजूला येतो. आखूड बाजू उरेब होतात खऱ्या, पण त्या लगेच ब्लॉकच्या सरळ कडेला शिवल्या जातात, तिथे त्यांना वाढायला वाव नाही. 14 कुठून आले तर शिवल्यावर 9 इंची उरणाऱ्या ब्लॉकचा कर्ण 12.73, त्यात मायेसाठी सव्वा इंच. कोपऱ्यांचं उलटं आहे. तिथे आखूड बाजू बाहेर येतात, म्हणून सव्वासात इंची चौकोन एकदाच कापायचा, आणि संचात तो बरोबर दिलाय. पत्रक लिहिणाऱ्याने कोपऱ्यांचा नियम कडांना लावला असावा. किंवा कापड वाचवलं: 14 इंची चौकोनांच्या दोन ओळींना 28 इंच कापड जातं, या सात चौकोनांना 20.

दुसरी चूक पहिलीला खतपाणी घालते. काठाची पट्टी किती लांब कापायची, तर पत्रक म्हणतं, ‘कडेवर ठेवून मोजून घ्या’. वाढलेल्या कडेवर मोजलेली पट्टी वाढलेलीच निघणार. मग गोधडी जमिनीवर पसरली की मधला भाग सपाट आणि चारी कडा उन्हात वाळलेल्या पापडासारख्या वर. हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते काठ लावून झाल्यावर, आणि दोष टिपेला दिला जातो.

तुमचं काम कुठवर आलंय त्यावर उपाय ठरतो. सात चौकोन अजून कापले नसतील तर कापू नका. त्याच छाप्याचं किंवा मिळत्याजुळत्या रंगाच्या खादीचं 75 सेंटीमीटर कापड आणा आणि 14 इंची चौकोन काढा. 44 पन्ह्यात ओळीला तीन बसतात, पण जेमतेम, तेव्हा कापडाची विणलेली किनार आधी कातरून टाका. पट्ट्यापट्ट्यांचं कापड घेतलंत तर एका चौकोनाच्या चार तुकड्यांत दोनांवर रेघा लांब बाजूला समांतर येतात, दोनांवर काटकोनात. एक जोडी वर-खाली, दुसरी बाजूंना वापरली की सगळ्या रेघा एकाच दिशेने धावतात. चार चौकोनांत दोन्ही प्रकारचे आठ-आठ होतात, हवेत सहा आणि आठ.

त्रिकोण कापलेत पण जोडले नाहीत, तर त्यांना दाट खळ द्या, दाबून (न सरकवता) इस्त्री करा आणि लांब कडेच्या आत एक सुतावर साधी टीप घाला. याहून खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येकाखाली सरळ धाग्यावर कापलेला मांजरपाटाचा त्रिकोण टाचणं. आपल्याकडच्या जुन्या गोधडीत ही भानगड होत नाही ती याच कारणाने: तुकडे आधी लुगड्याच्या थरांवर पसरतात आणि धावदोरा सगळ्या थरांतून जातो. उरेब तुकडा आला तरी खालचं कापड त्याला धरून ठेवतं. फक्त जाडी वाढते, आणि मांजरपाट न धुता वापरलं तर पुढे तेच आकसून नवी सुरकुती देतं.

वरचा थर जोडून झाला असेल तर आधी तीन ठिकाणी मोजा: मधोमध आणि दोन्ही कडांवर. मायेसकट मधलं माप 51 इंच 3 सूत बाय 64 इंच 1 सूत यायला हवं. कडा एक इंचापर्यंत जास्त असतील तर सुधारता येतं. कडेपासून एक सुतावर लांब टाक्यांची टीप घाला, दोरा हळूहळू ओढून कड मधल्या मापाला आणा, वाफेने दाबा. बाजूच्या पट्ट्या मधल्या मापाच्या कापा, कडेच्या नव्हे. पट्टी आणि थर दोन्हींवर चार समान भागांच्या खुणा करून त्या टाचणीने जुळवा आणि शिवताना ढिली बाजू खाली, मशीनच्या दातांवर ठेवा. दात खालचं कापड थोडं जास्त खेचतात, ढील तिथेच जिरते. वर-खालच्या पट्ट्यांचं माप मग 60 इंच 3 सूत निघतं. जास्तीचं कापड कातरून कड सरळ करण्याच्या मोहात पडू नका. वाढ लांबीत झालेली असते, कातरल्याने रुंदी जाते. लाट तशीच राहते आणि ब्लॉकची टोकं मात्र शिवणीत गडप होतात.

काठ लागला असेल तर फक्त काठ उसवा, त्रिकोण उसवू नका. दर चौथा टाका कापून मागून दोरा ओढला की एक बाजू भराभर निघते. उरेब कड हाताने फाडल्यासारखी ओढून उसवली तर उरलंसुरलं मापही जातं. वाढ दीड इंचाच्या वर असेल तर मात्र खळ आणि चुण्या पुरत नाहीत, 14 त्रिकोण बदलणंच सोपं.

पाचपैकी तीन तारे, आणि तेही कापडाला. आधी एखादी गोधडी केलेल्याने संच घ्यायला हरकत नाही, 75 सेंटीमीटर कापडाचा खर्च किमतीत धरून. पहिलीच गोधडी करणाऱ्याने याच विक्रेत्याचा सरळ मांडणीचा संच घ्यावा. त्यात कडेचे त्रिकोणच नाहीत. घेतलाच असेल तर पार्सल उघडल्यावर पत्रकातली ती ओळ खोडून ‘14 इंची 4, दोन्ही कर्णांवर’ असं लिहून ठेवा. न कापलेले सात चौकोन वाया जात नाहीत: साडेनऊ इंचांवर आणले की त्यातल्या चारांचा 18 इंची उशीचा अभ्रा होतो.