टायमिंग बेल्ट: किलोमीटर बघायचे, वर्षं बघायची, की बेल्टच बघायचा?

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ राखणारा दातेरी पट्टा. तो कधी बदलायचा, हा प्रश्न ज्यांची गाडी रोज लांब पळते त्यांना फारसा पडत नाही. मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा आधी येतो, बेल्ट बदलला की विषय मिटला. घोळ होतो तो कमी चालणाऱ्या गाड्यांचा, आणि माझी त्यातलीच. मुदत लिहिलेली असते 'इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, यांतलं जे आधी येईल ते'. आकडे इंजिनागणिक बदलतात. साधारण लाखाच्या आसपास किलोमीटर आणि पाच ते दहा वर्षं असा पल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. मीटर निम्म्यावर असतानाच वर्षं भरतात, आणि मग माणूस त्या वाक्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग वाचतो.

इंजिनात या बेल्टऐवजी चेन असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही. इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येणारं नसेल, तरी थोडी सवलत आहे: बेल्ट तुटला तर गाडी जागेवर बंद पडेल, पण पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळणार नाहीत. आताची बहुतेक इंजिनं मात्र इंटरफिअरन्सच असतात. तिथे बेल्ट तुटला किंवा बरेच दात सटकले, तर व्हॉल्व्ह वाकतात, हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागतं, आणि बेल्टच्या खर्चाची चर्चा तिथेच संपते.

किलोमीटरवर जाणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. दोन वर्षं आवारात उभी असलेली गाडी आणि दोन वर्षं हायवेवर पळालेली गाडी एकाच मापाने का मोजायची? पण मीटर चाकं मोजतो, इंजिन नाही. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, एसी लावून उभ्या गाडीत बेल्ट फिरतच असतो आणि मीटर मात्र ढिम्म. शिवाय बेल्ट शेवटी रबराचाच. आत काचतंतूंच्या दोऱ्या असल्या तरी वरचं रबर इंजिनच्या धगीने हळूहळू कडक होतं, आणि वय तर उभ्या गाडीतल्या रबराचंही वाढतंच.

तिसरा मार्ग ऐकायला सगळ्यांत शहाणपणाचा: 'उघडून बघू, मग ठरवू.' माझा निर्णय झाला तो याच्याच वैतागाने. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं म्हणजे क्लिपा सुटतात पटकन, पण एखादा बोल्ट नेमका इंजिन माउंटच्या मागे, पाना जेमतेम पाव फेरा फिरेल अशा जागी. तो सुटला की टॉर्च मारायचा. दिसतो काय, तर वरच्या पुलीवरचा वीतभर बेल्ट. पाठीवरची छापील अक्षरंसुद्धा वाचता येतात. मेकॅनिक बोटाने दाबतो, जरा पिळून दातांच्या बुडाशी बघतो आणि म्हणतो, 'चालेल अजून.' किती चालेल, हे तो सांगू शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आताचे बेल्ट जुन्या निओप्रीनच्या बेल्टांसारखे आधी भेगा दाखवतीलच असं नाही. आतली दोरी कमजोर झालेली बाहेरून दिसत नाही. भेग दिसली, कडा उसवली, तेल लागलेलं आढळलं तर बदलायचा हे नक्की. पण काहीच दिसलं नाही तर उत्तर मिळालेलं नसतं. पुढच्या सर्व्हिसला पुन्हा तेच कव्हर, तोच बोल्ट, तेच 'चालेल अजून', आणि दर वेळी लांबच्या प्रवासाआधी मनात तीच चुळबुळ.

काही इंजिनांत तर असं कव्हर काढून बघायची सोयही नाही. फोर्डच्या १.० इकोबूस्टच्या सुरुवातीच्या इंजिनांत किंवा प्यूजो-सिट्रोएनच्या आधीच्या १.२ प्युअरटेकमध्ये बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो. त्याचा भुगा ऑइलच्या जाळीत अडकून दाब कमी झाल्याच्या तक्रारी आहेत. तिथे मुदतीबरोबर कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल वापरणं महत्त्वाचं.

तेव्हा माझा कल वर्षांकडे. पाचव्या वर्षी घाई करा असं मी म्हणणार नाही. मॅन्युअलमध्ये जी वर्षं दिली असतील ती पाळावीत, गाडी उष्ण हवेत आणि गर्दीत चालत असेल तर थोडी अलीकडेच. चांगला चालणारा बेल्ट काढून टाकताना जीवावर येतं, हे मान्य. पण गाडी जुनी घेतली असेल आणि बेल्टची पावती नसेल, तर मी तरी तो बदललेला नाही असंच धरेन, विकणारा काहीही सांगो.

बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) एकत्रच बदलावेत. वॉटर पंप याच बेल्टवर चालत असेल तर तोही. खर्चातला मोठा वाटा खोलाखोलीच्या मजुरीचा असतो, आणि पंप पुढच्या वर्षी गळायला लागला तर तीच मजुरी पुन्हा. कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर नवा बेल्टही टिकणार नाही, म्हणून सील आधी. आणि बेल्ट बसवल्यावर लगेच स्टार्टर मारू देऊ नका: क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायला सांगा, म्हणजे कॅमचा एक फेरा पुरा होतो, आणि पुलींवरच्या जुळवणीच्या खुणा पुन्हा जुळतात का ते स्वतः वाकून बघा.