नावे शिकवणारा खेळसंच: चेंडू उत्तम, साखळी फसवी

प्रौढांच्या भाषावर्गात पहिल्याच तासाला एकमेकांची नावे लक्षात राहावीत, यासाठी तयार केलेला एक खेळसंच आम्ही नवशिक्यांच्या तुकडीत वापरून पाहिला. पेटीत कापडी चेंडू, प्रश्नांचे पत्ते, कोरी नावपत्रे, वाळूचे घड्याळ आणि सूचनापुस्तिका आहे. छपाई स्वच्छ आणि पत्ते जाड आहेत, त्यामुळे साहित्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती खेळांच्या निवडीविषयी.

पुस्तिकेत अग्रस्थान मिळाले आहे ते नावांच्या साखळीला. वर्तुळात बसलेल्या प्रत्येकाने आधीच्या सर्वांची नावे क्रमाने सांगून शेवटी आपले नाव जोडायचे. हशा भरपूर पिकतो, पण पहिल्याला काहीच आठवावे लागत नाही आणि शेवटच्यावर सगळा भार पडतो. शिवाय पाळी जवळ आली, की शिकणारा शेजाऱ्याकडे लक्ष देण्याऐवजी ओठांतल्या ओठांत स्वतःचे वाक्य जुळवू लागतो. आपल्या पाळीच्या लगेच आधी बोललेले फारसे लक्षात राहत नाही, हे माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये प्रयोगातून दाखवले होते. इथे तर त्यात परक्या भाषेचे ओझेही असते.

याउलट चेंडूचा खेळ साधा असूनही खरोखर उपयोगी आहे. ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्याचे नाव आधी घ्यायचे, झेलणाऱ्याने टाकणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानायचे आणि चेंडू तिसऱ्याकडे धाडायचा. क्रम ठरलेला नसल्यामुळे सगळे सावध असतात आणि चेहरा पाहून नाव आठवावेच लागते. नाव आठवले नाही, तर ‘माफ करा, तुमचे नाव पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य शिकत असलेल्या भाषेत म्हणता येते, आणि पहिल्या दिवशी याहून कामाचे वाक्य क्वचितच असेल. पुस्तिका मात्र विसरणाऱ्याला बाद करायला सांगते. हा नियम आम्ही सरळ वगळला, कारण ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते तोच सर्वांत आधी बाजूला बसतो. खेळाच्या वेळी नावपत्रेही पालथी ठेवावीत, नाहीतर नजर चेहऱ्याऐवजी कागदावर जाते.

प्रश्नांचे पत्तेही चांगले आहेत. जोडीदाराला त्याचे काम, छंद, आवडनिवड विचारायची आणि मग त्याची ओळख सर्वांना करून द्यायची, यात प्रश्न विचारण्याचा आणि तृतीय पुरुषाचा सराव आपोआप होतो. नुसते नाव मनात टिकत नाही, त्याला माहितीचा आधार लागतो; चेहऱ्यासोबत तोच शब्द आडनाव म्हणून सांगण्यापेक्षा व्यवसाय म्हणून सांगितला तर लोकांना अधिक सहज आठवतो, असे १९८७ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात आढळले होते. नावाच्या आद्याक्षराचे विशेषण जोडण्याचा खेळ मात्र नवशिक्यांसाठी नाही. त्यांच्याजवळ विशेषणेच नसतात, मग वेळ शब्दकोश चाळण्यात जातो आणि एखाद्याला नको ते विशेषण कायमचे चिकटते. माणसे शोधून तक्त्यात नावे भरण्याच्या खेळात वर्गात फिरणे होते, पण नावे केवळ उतरवली जातात.

संचाची खरी उणीव अशी, की तो पहिल्या तासापाशीच संपतो. आठवण्याच्या सरावातील अंतर हळूहळू वाढवत नेल्यास नावे अधिक टिकतात, हे लँडॉवर आणि ब्यॉर्क यांनी १९७८ मध्येच मांडले होते. त्यानुसार चेंडू तासाच्या शेवटी, पुढच्या तासाच्या आरंभी आणि नंतर आठवड्याने पुन्हा काढावा, एवढी एक ओळ पुस्तिकेत असायला हवी होती.

लहान तुकडीला संच पुरेसा आहे. मोठ्या वर्गात दोन वर्तुळे करून नंतर माणसांची अदलाबदल करावी लागेल. हाताशी मऊ चेंडू आणि जाड कागद असेल, तर पैसे मोजण्याजोगे उरतात ते फक्त प्रश्नांचे पत्ते, आणि ते सुटे मिळत नाहीत.