बायसिकल रायडर बॅक : गणिती जादूसाठी पत्त्यांचा कॅट

मनातल्या बेरजेवर उभी असलेली जादू करण्यासाठी पत्ते घेताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे ते मोजताना एकमेकांना चिकटतात का. कारण दोन पत्ते एकत्र गेले, तर बेरीज बिनचूक असूनही उत्तर चुकते. या कसोटीवर बायसिकल या ब्रँडचा रायडर बॅक हा कॅट मला मनापासून आवडला.

मी तो ज्या जादूसाठी वापरतो, ती अमेरिकी जादूगार सी स्टेबिन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेवर चालते. किलवर, बदाम, इस्पिक, चौकट या क्रमाने रंग फिरत राहतात आणि प्रत्येक पुढचा पत्ता आधीच्यापेक्षा तीनने मोठा असतो. गुलाम 11, राणी 12, राजा 13 आणि बेरीज 13 च्या वर गेली की त्यातून 13 वजा करायचे. कॅट कितीही वेळा काटला तरी हा क्रम मोडत नाही, आणि प्रेक्षकाला खुशाल काटू देता येते, यातच या जादूचे खरे सौंदर्य आहे. पालथ्या पसरलेल्या पत्त्यांतून त्याने एक ओढला की तेथूनच कॅट दुभंगायचा, वरचा भाग खाली घालायचा आणि आता तळाशी आलेला पत्ता ओझरता पाहायचा. तो इस्पिक नव्वी असेल, तर प्रेक्षकाच्या हातात चौकट राणी आहे. तो बदाम राणी असेल, तर 15 मधून 13 जाऊन इस्पिक दुर्री.

याहून सुंदर भाग पुढे येतो. निवडलेली चौकट राणी तळाशी परत ठेवली की रचना पुन्हा अखंड होते, आणि वरून 13 वा, 26 वा, 39 वा व 52 वा हे चारही पत्ते राण्याच असतात. प्रेक्षकालाच एकेक पत्ता मोजत तेरा-तेरांचे चार गठ्ठे करायला सांगावे आणि प्रत्येक गठ्ठ्यावरचा शेवटचा पत्ता त्याच्याच हाताने उलटवून घ्यावा.

नेमके येथे पत्त्यांचा दर्जा कामाला येतो. या पत्त्यांच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक खळगे असतात, त्यांत हवा राहते आणि त्यामुळे पत्ते एकमेकांवरून सहज सरकतात. सराव नसलेला प्रेक्षकही बावन्न पत्ते न अडखळता मोजू शकतो. कोपऱ्यांतले अंक व चिन्हे ठळक असल्याने तळाचा पत्ता क्षणभरात वाचता येतो. रायडर बॅक ही पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी 1887 पासून छापली जात आहे आणि ती इतकी परिचित आहे की पत्त्यांवर खुणा केल्याचा संशय सहसा कोणी घेत नाही. जोकर व जादा पत्ते मात्र आधी काढून ठेवावेत, अन्यथा 13 चा हिशेब कोलमडतो.

उणिवाही सांगायला हव्यात. हे पत्ते कागदी आहेत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी दमटपणात कागद वाकतो आणि सरकण्यातली सफाई कमी होते, म्हणून वापर झाल्यावर पत्ते डबीत घालून कोरड्या जागी ठेवणे आवश्यक आहे. घामट हातांनी रोज सराव करणाऱ्याला पूर्ण प्लास्टिकचे पत्ते अधिक टिकतील, पण त्यांचा बुळबुळीतपणा मला मोजणीसाठी पसंत नाही. नाक्यावरच्या दुकानातल्या साध्या कॅटापेक्षा याची किंमत बरीच जास्त आहे. केवळ सत्तेपेसत्ते खेळायचे असेल, तर हा खर्च करू नये.

रचनेतला एक दोष मात्र कोणताही कॅट झाकू शकत नाही: काळा आणि लाल रंग एकाआड एक येतात. म्हणून पत्त्यांचे तोंड दाखवायचेच असेल, तर ते पंख्यासारखे पसरून न ठेवता झरकन फिरवून लगेच मिटावे.